एकोणीस डाग

डॉक्टर शबनम मुल्ला यांनी काचेची बशी टेबलावर ठेवली आणि हेमांगीच्या बाजूला सरकवली.

"हे तुमचं, मॅडम. डाव्या खुब्यातलं."

बशीत मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा होता. लिंबापेक्षा जरा मोठा, एका अंगाने चेपलेला. उकडताना अंड्याचं कवच तडकावं तशी त्याची कड तडकली होती. सदुसष्ट वर्षं हेमांगी कर्णिक ज्याच्या जोरावर उठली, बसली, मैफलीत चार-चार तास मांडी घालून गायली, ते हे. तिला काहीच वाटलं नाही. शस्त्रक्रियेला चार दिवस झाले होते. टाक्यांभोवतीचा तळहाताएवढा भाग अजून बधिर होता. चिमटा काढला तरी कळत नव्हता. तो बधिरपणा हळूहळू वर सरकत असावा, असं तिला उगाच वाटून गेलं.

"घरी न्यायचं असतं का हे?" तिने विचारलं.

"नाही हो. इथंच राहील. आमचं वाचून झालंय."

पेपर वाचून झाला म्हणावं, तसं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हाड वाचायची विद्या येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. २०४३ साल चालू होतं आणि मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावातही ते यंत्र एकच होतं. शिवणयंत्राएवढं. काढलेल्या हाडाचे ते पापडाहून पातळ काप करी आणि एकेक काप उजेडाखाली धरून त्यातली चरबी मोजत बसे.

"जिवंत हाडाला आठवण नसते, मॅडम," डॉ. मुल्ला म्हणाल्या. त्या तिशीतल्या होत्या, आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. "ते रोज थोडं मोडतं, रोज थोडं बांधतं. आठ-दहा वर्षांत जुनं सगळं पुसलं जातं. पण हाडाचा एखादा तुकडा मेला की तिथली मोडतोड थांबते. तो मेला त्या दिवशी रक्तात जेवढी चरबी होती, तेवढी त्यात तशीच बंद होऊन राहते. आणि मेल्यावर त्यातलं प्रथिन अगदी सावकाश, पण ठरल्या चालीने बदलत जातं. ते झालं आमचं घड्याळ. त्यावरून तारीख निघते. पंधरा दिवस इकडे किंवा तिकडे."

त्यांनी भिंतीवरचा पडदा उजळला. हाडाचं चित्र आलं, आणि त्यावर राखाडी ठिपके.

"एकोणीस डाग आहेत. एकोणीस वेळा थोडंथोडं मेलंय. प्रत्येक डागात चरबी नेहमीच्या पाच-सहा पट. एरवी तुमचं रक्त अगदी स्वच्छ, म्हणजे खाण्यापिण्याचा दोष नाही. हे स्टेरॉइडचं काम आहे. काही जणांनी चार-पाच दिवस मोठा डोस घेतला की रक्तातली चरबी एकदम उसळते. तिचे बारीक थेंब होतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या नळ्या केसासारख्या, आणि आडवाट एकही नाही. थेंब अडकला की पुढचा तुकडा उपाशी मरतो."

"दुखलं कसं नाही?"

"मरताना दुखत नाही. दुखतं ते शेवटी, गोळा चेपला की."

पडद्यावर आता तारखांची यादी आली होती. जानेवारी १९९९. डिसेंबर २००१. फेब्रुवारी २००४. हेमांगीने चष्मा नाकावर वर केला आणि वाचायला सुरुवात केली.

तारखा ही तिची जुनी खोड. कुठल्या साली कुठं गायलो, काय गायलो, साथीला कोण होतं, कुणी चहा गार आणून दिला, सगळं तिला तोंडपाठ. जानेवारी नव्याण्णव म्हणजे धारवाड. बाईंच्या, म्हणजे तिच्या गुरूंच्या, मागे तंबोरा घेऊन बसायची ती तिची पहिली मोठी बैठक. बाईंनी मोरपंखी इरकल नेसलं होतं. डिसेंबर दोन हजार एक म्हणजे पुणे. दोन हजार चारचा फेब्रुवारी सोलापूर, जिथं तबलजीची पिशवी एसटीत राहिली आणि त्याने उसन्या तबल्यावर साथ केली. ती खाली खाली वाचत गेली. एकोणीसही तारखा तिच्या ओळखीच्या होत्या.

"मॅडम, ही औषधं कुणी दिली होती तुम्हाला?"

"आठवत नाही," हेमांगी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पडदा मालवला. "टाके काढायला याल तेव्हा सांगा. कुणाला शिक्षा करायची म्हणून नाही विचारत. त्याच हातून आणखी कुणी घेतलं असेल तर त्यांचा खुबा वेळेत बघता येतो. गोळा गोल आहे तोवर बारीक भोक पाडून आतला दाब उतरवतो, चरबी उतरवायचं औषध देतो. बहुतेकांचा वाचतो. एकदा चेपला की मग हे." त्यांनी बशीकडे बोट केलं.

*

एकोणीसशे पंच्याण्णवच्या जूनमध्ये हेमांगी वत्सलाबाई गुळवणींकडे शिकायला राहिली. वय एकोणीस, दोन साड्या, एक पत्र्याची ट्रंक. बाईंचं घर तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीला लागून होतं. सकाळी उठावं तो कुणीतरी भोपळा तासत असायचा, कुणी तार लावून बघत असायचा, आणि त्या तारेच्या स्वरात बाई "सा" लावायच्या. त्या स्वराला अजून तोड नाही, असं हेमांगीला आजही वाटे. जमिनीवर जाजम, त्यावर मांडी. पाठ भिंतीला लागली तर बाई हातातल्या पंख्याने टोचायच्या. "भिंत गाणार आहे का, हेमे?"

त्या घरात विचारायची पद्धत नव्हती. हा राग आजच का, हा स्वर असाच का, तुम्ही मघाशी वेगळा लावलात तो का, यातलं काही नाही. बाई देतील ते घ्यायचं. घेता घेता एक दिवस ते आपलं होतं आणि तेव्हा उत्तर आपोआप कळतं, असं बाई म्हणायच्या. गाण्याच्या बाबतीत ते खरंही होतं.

पुडीचं तसंच. बाईंच्या पानाच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात कागदाच्या बारीक पुड्या असत. ज्येष्ठमध, खडीसाखर, चिमूटभर कंकोळ आणि एक पांढरी गोळी, खलबत्त्यात एकत्र कुटलेली. बैठकीआधी चार दिवस, सकाळी मधातून चाटायची. बसलेला गळा दुसऱ्या दिवशी असा मोकळा व्हायचा की आपलाच आवाज आपल्याला परका वाटावा. धारवाडच्या बैठकीआधी हेमांगीचा आवाज पार फाटला होता. बाईंनी कप्पा उघडला, पुडी तिच्या तळव्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही मी सगळ्यांना देत नाही."

बाकीच्या चौघी शिष्यिणी बघत होत्या. त्या दिवसापासून बाईंच्या मागे कोण बसणार हे ठरलं. पुढे गोळ्यांचं पाकीट कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणायचं काम हेमांगीकडे आलं, मग खलबत्ताही.

या सगळ्याला आता पंचेचाळीसेक वर्षं होत आली होती. हेमांगी आपल्या घरात खुर्चीवर बसली होती, पाय स्टुलावर. मांडी घालायची नाही, सहा महिने तर नाहीच, पुढचं पुढं बघू, असं बजावून डॉक्टरांनी घरी सोडलं होतं. दंडावर चिकटवलेली पट्टी दर तासाला तिच्या रक्तातली चरबी मोजून दवाखान्याला कळवत होती. कोपऱ्यात तंबोरा खोळीत उभा होता.

तिने हात लांब करून फडताळातला पानाचा डबा काढला. बाईंनी गाणं थांबवलं तेव्हा तो तिला दिला होता. पान ती खात नव्हती. खालचा कप्पा ओढला. आत नऊ पुड्या होत्या.

दोन हजार एकोणीसनंतर तिने स्वतः पुडी घेतली नव्हती. या नऊ ओवीच्या होत्या.

ओवी चौगुले. जयसिंगपूरची, वय सव्वीस, तोंडाने अखंड बडबडी आणि गळ्याने अशी की हेमांगीला पहिल्याच दिवशी वाटलं, आता आपल्याकडचं सगळं हिच्यात रिकामं करता येईल. तीन वर्षांत तिच्या सहा मोठ्या बैठका झाल्या होत्या. सहाही वेळा हेमांगीने कप्पा उघडला होता, पुडी तळव्यावर ठेवली होती आणि म्हटलं होतं, "ही मी सगळ्यांना देत नाही."

येत्या रविवारी सातवी होती.

*

बुधवारी ती बाईंकडे गेली. गाडी आपली आपणच चालत होती. हेमांगीने फक्त पत्ता सांगितला आणि वॉकर शेजारच्या सीटवर आडवा ठेवला. बाई आता त्र्याण्णव वर्षांच्या होत्या. मुलगा वारला होता, सून सुलभावहिनी सांभाळत होत्या.

"आजचा दिवस बरा आहे," सुलभावहिनी दारातच म्हणाल्या. "सकाळी मला ओळखलं. मग म्हणाल्या, तू अजून इथंच?"

बाई खाटेवर बसून मटार सोलत होत्या. मांडी घालून. हेमांगी दारात थांबून त्यांचे गुडघे बघत राहिली. दोन्ही गुडघे गादीला टेकले होते, सहज, लहान मुलीचे टेकावेत तसे. त्या कप्प्यातली पुडी बाईंनी हेमांगीच्या दुप्पट घेतली असेल. काही जणांचीच चरबी उसळते, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. बाई त्या काही जणांत नव्हत्या.

"कोण?"

"मी हेमा, बाई."

"हेमा गाते. तू काठी घेऊन आलीस." बाईंनी वॉकरकडे पाहिलं. "म्हातारी झालीस होय?"

"झाले."

"मी नाही झाले," बाई म्हणाल्या आणि एक दाणा तोंडात टाकला.

हेमांगीला वाकता येत नव्हतं. तिने उभ्या उभ्याच हात जोडले. सुलभावहिनींनी खुर्ची दिली. बाईंच्या समोर खुर्चीवर, त्यांच्या बरोबरीने, ती आयुष्यात पहिल्यांदा बसली.

"बाई, पुडीत काय असायचं?"

"कुठल्या?"

"गळ्याच्या."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. "घेतलीस ना? कोमट पाणी पी वरून. आणि दही बंद कर, तुला दह्याची फार ओढ."

"त्यातली गोळी. ती तुम्हाला कुणी सांगितली होती?"

बाईंनी शेंग चिमटीत दाबली, ती फुटली. दाणे ताटलीत सांडले. "गळा मोकळा झाला की नाही?"

"झाला."

"मग."

खिडकीबाहेर कुणीतरी तार जुळवत होतं. त्या गल्लीत आता दोनच कारागीर उरले होते. हेमांगी चार दिवस एक प्रश्न मनाशी घोळवत होती. तुम्हाला माहीत होतं का, एवढाच. बाई हो म्हणाल्या असत्या तर राग ठेवायला जागा मिळाली असती. नाही म्हणाल्या असत्या तर कुणाचाच दोष नव्हता. तिने तोंड उघडलं. बाई तिच्याकडे बघत होत्या, तंबोरा बेसूर झाल्यावर बघायच्या तसं. तिने तोंड मिटलं. आत जे होतं ते दुःख नव्हतं. टाक्यांभोवतीच्या कातडीसारखं बधिर होतं.

"तुझी ती पोरगी आहे ना," बाई म्हणाल्या, "नदीपलीकडची. तिला देतेस ना पुडी?"

"हो."

"चुकवू नकोस. देणारं कुणी राहिलं नाही की गाणं राहत नाही."

निघताना सुलभावहिनी म्हणाल्या, "बरं वाटलं त्यांना. खूप दिवसांनी एवढं बोलल्या." हेमांगीने मान हलवली.

*

ओवी गुरुवारी सकाळी आली, नेहमीसारखी जिन्यातूनच बोलत.

"ताई, लिफ्ट परत बंद! तुम्ही आता बाहेर कशा पडणार, सांगा. मी उचलून नेऊ? आणि गळा बघा कसा झालाय, बेडूक बसलाय नुसता. पुडी द्या, आजपासून घेते."

तिने जाजम अंथरलं आणि बसली. बसताना डाव्या मांडीखाली हात घालून पाय जरा उचलून घेतला, मग ठेवला. हेमांगीने हे आधीही पाहिलं होतं. दोन महिने झाले असतील, तीन असतील. पाहिलं होतं आणि काही म्हटलं नव्हतं.

"पायाला काय झालं?"

"काही नाही ओ. आखडलंय. आई म्हणते, मुंगळ्यासारखी वळवळतेस म्हणून होतंय."

"दुखतं?"

"बसताना जरा. उठलं की राहतं. द्या की पुडी."

हेमांगीने डबा काढला. कप्पा उघडला. नऊच्या नऊ पुड्या काढून मांडीवर ठेवल्या आणि मग सगळं सांगितलं. बशीतला गोळा, डाग, तारखा. तिचा आवाज एका पट्टीत चालला होता, बंदिशीचे शब्द उतरवून द्यावेत तसा. ओवी प्रथम हसली. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं.

"म्हणजे मला पण?"

"माहीत नाही. बघावं लागेल. आज."

"रविवारी बैठक आहे, ताई."

"आज," हेमांगी म्हणाली.

दुपारी लिफ्ट सुरू झाली आणि तासाभरात दोघी डॉक्टर मुल्लांसमोर होत्या. ओवीचा खुबा तपासायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पडद्यावर दोन गोळे आले, उजवा अगदी नितळ, डाव्यात दोन राखाडी ठिपके.

"गोळा गोल आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या स्वरात काहीतरी सैल झालं. "वेळेत आलात. उद्याच करून टाकू. वर्षभर मांडी नाही, उकिडवं बसणं नाही, पण पाय तुमचा राहील." मग त्यांनी समोरचा अर्ज ओढला. "स्टेरॉइड कुणी दिलं?"

ओवीने खाली पाहिलं. तिची नजर फरशीवर कुठंतरी होती, हेमांगीच्या चपलांपाशी.

"आठवत नाही," ओवी म्हणाली.

ही मुलगी कुठं शिकली हे, असं हेमांगीच्या मनात आलं आणि लगेच उत्तरही आलं.

"लिहा," ती म्हणाली. "हेमांगी मधुसूदन कर्णिक. सहा वेळा दिलं. दर वेळी चार दिवस. तारखा सांगते." आणि तिने सहाही तारखा सांगितल्या, गावांसकट. डॉक्टरांचं लिहून होईपर्यंत ती थांबली. "आता माझा अर्ज काढा. त्यावर वत्सलाबाई गुळवणी. त्यांच्या आणखी चार शिष्यिणी होत्या. त्यांना मी पुडी मिळताना पाहिलं नाही, पण त्यांची नावं देते. विचारून घ्या."

"टाके काढेपर्यंत थांबला असतात तरी चाललं असतं," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"मी पाच दिवस थांबले," हेमांगी म्हणाली. "त्यात ही आज चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढली."

गाडीत जयसिंगपूरच्या फाट्यापर्यंत हेमांगीला ओवीच्या श्वासाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. शुक्रवारी भोक पाडून झालं. रविवारी बैठक झाली नाही. आयोजकांनी कुण्या दुसऱ्या मुलीला बोलावलं आणि ती बरी गायली, असं कुणीतरी फोनवर सांगितलं.

*

सहा आठवडे ओवी आली नाही. तिच्या आईचा एकदा फोन आला. जखम सुकली, चालते आहे, एवढं सांगून ठेवून दिला. हेमांगी सकाळी उठून खुर्चीवर बसायची, षड्ज लावायची, आणि खोलीत दुसरं कुणी नसल्यासारखा तो परत यायचा. दंडावरच्या पट्टीचे आकडे उत्तम होते. दवाखान्याने कौतुकाचा निरोप पाठवला.

सातव्या आठवड्यात एका सकाळी जिन्यात काहीतरी आपटत वर येत असल्याचा आवाज झाला. बोलण्याचा आवाज नव्हता. दारात ओवी उभी होती, एका हातात काठी, काखेत घडीची खुर्ची.

"बसू का?"

"बस."

तिने खुर्ची उघडली, हेमांगीच्या समोर ठेवली आणि जपून बसली. पाया पडली नाही. कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची खोळ तिनेच काढली, तो मांडीवर आडवा घेतला आणि जुळवायला लागली. खुर्चीत बसून तंबोरा धरणं अवघड जातं. भोपळा कुठं टेकवावा कळत नाही. दोघींनी मिळून एक उशी घालून तो कसाबसा बसवला.

"शिकवण्याआधी एक सांगते," हेमांगी म्हणाली. "माझ्याकडे विचारायचं नाही अशी पद्धत होती. ती आजपासून बंद. काहीही विचार."

"काहीही?"

"काहीही."

ओवी तारांवरून बोट फिरवत राहिली. खर्ज, पंचम, जोड. बऱ्याच वेळाने बोट थांबलं.

"तुम्हाला माहीत होतं का?"

हाच तो प्रश्न, जसाच्या तसा. बाईंच्या खाटेसमोरून हेमांगी तो घेऊन परत आली होती. तिने उत्तर शोधलं नाही. ते होतंच, पुडीच्या कागदासारखं घडी घालून ठेवलेलं, नव्याण्णव सालापासून.

"पाकीट मीच आणायचे," ती म्हणाली. "मागे लाल रेघ असायची. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असं लिहिलेलं असायचं. मी ते दर वेळी वाचायचे. मग कुटायचे."

ओवीने मान वर केली नाही. तिने जोडाची तार पुन्हा जुळवायला घेतली. ती जुळलेलीच होती.